लंकाबाईच्या खुर्च्या

सुहास मुळेनं लंकाबाईला एका दुपारीत श्रीमंत करून टाकलं. भल्याभल्यांना निवडून येऊनही जे जमलं नाही, ते त्यानं तिच्या दारात बसून, तिचाच चहा पीत, मोबाईलवर बोट फिरवून उरकलं. ज्या खुर्चीवर बसून त्यानं हे पुण्यकर्म केलं ती खुर्ची लंकाबाईची नव्हती, एवढीच काय ती अडचण.

तसा सुहास हुशार. म्हणजे राहात्यात हुशार. वडील तिथल्या कोर्टात कारकून, त्यामुळे कागदाला कागद जोडला की सत्य तयार होतं, हे बाळकडू घरचंच. शाळेच्या गॅदरिंगला सूत्रसंचालन सुहासकडे, गणपतीत निबंधाचं बक्षीस सुहासला. पुढं नगरला समाजकार्य शिकला आणि सावेडीतल्या एका संस्थेत चिकटला. संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं. त्या वर्षी कोण्या देणगीदाराच्या कृपेनं, पोटासाठी बाहेरून आलेल्या लोकांच्या मुलींसाठी त्यात काही जागा निघाल्या. देणगीदाराची अट मात्र पक्की होती: सगळ्या जागा एकाच वस्तीला द्यायच्या, जी जास्त नडलेली असेल तिला. चमचा-चमचा पाणी सगळीकडं शिंपडलं तर कुठंच काही उगवत नाही, असं त्यांचं म्हणणं.

राहात्याच्या बाहेर पाटाची एक चारी जाते. तिच्या अलीकडच्या काठावर पाथर्डी तालुक्यातून ऊस तोडायला येऊन इथंच राहिलेली माणसं, पलीकडच्या काठावर मध्य प्रदेशातून, बडवानीकडून स्लॅबच्या कामाला आलेली माणसं. मधे एक सिमेंटचा पाइप टाकलेला, त्यावरून येणंजाणं. यातली कोणती वस्ती जास्त खाली आहे, ते दोघींची तुलना करून सुहासनं सांगायचं होतं. माणसं मापायचं काम. सुहासला ते सोपं वाटलं, कारण त्याला अजून कोणी मापलं नव्हतं.

तो आला तेव्हा लंकाबाईच्या पाचटाच्या कोपीपुढं सडा घातलेला होता. मोरांची चादर टाकलेली बाज, एका रांगेत मांडलेल्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दारातून आत पाहिलं तर गरगर फिरणारा टेबल फॅन. चहा आला तो ट्रेमधून, चकचकीत स्टीलच्या पेल्यांत.

"बसा सायेब. जमिनीवर नगं, खुर्चीवर बसा," लंकाबाई म्हणाली. नाकात मोठी नथ, कपाळावर मोठं कुंकू, आवाज त्याहून मोठा. "आमी काय भिकंला लागलेली मानसं न्हाईत. पाव्हण्याला भुईवर बसवलं तर पाथर्डीची अब्रू जाईल."

"वस्तू कधी घेतल्या या?"

"हळूहळू व्हतंया. देवाची दया."

तिचा नवरा मच्छिंद्र बाजेच्या कडेवर बसून नुसता मान हलवत होता. पंखा लागल्यापासून तोही जरा अवघडलेला दिसत होता, पण सुहासला ते त्याचं समाधान वाटलं.

लंकाबाईचा हिशेब साधा होता. पोरीसाठी कोणी बघायला येणार म्हटल्यावर घर दाखवायचं असतं. फाटकं काय असेल ते पेटीत, नीटनेटकं ते दारात. तिची पंकजा नववी पास झाली होती, आणि नगरहून साहेब येऊन मुली निवडणार, एवढंच ऊसतोडीच्या मुकादमाकडून कळलं होतं. निवडणार म्हणजे चांगल्या घरातल्याच निवडणार. नडलेल्याची पोर कोणी मुद्दाम पसंत करतं, असं तिनं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. म्हणून आदल्या दिवशी ती पाइपावरून पलीकडं गेली आणि तिथल्या आपल्या मैत्रिणीच्या, रेशमीच्या घरातलं होतं नव्हतं ते उचलून घेऊन आली. खुर्च्या रेशमीच्या, पंखा रेशमीचा, ट्रे, पेले, अगदी मोरसुद्धा रेशमीचे.

रेशमीकडं एवढ्या खुर्च्या कुठून, तर तिचा नवरा एकेक स्लॅब टाकून मोकळा झाला की दोघं बाजारात जाऊन एकेक वस्तू घेत. पक्की खोली त्यांना कोणी भाड्यानं देत नव्हतं. "एमपीवाले रात्रीतून पळतात" असं शहाणी माणसं सांगत. मग घ्यायचं ते असं घ्यायचं की एकात एक बसवून टेम्पोत टाकता येईल. खुर्च्या एकात एक बसतात.

लंकाबाईकडून सुहास थेट रेशमीकडं गेला. तिथं अर्थातच काही नव्हतं. रिकाम्या पत्र्याच्या खोलीत रेशमीनं सिमेंटची गोणी घडी करून त्याला बसायला दिली आणि ॲल्युमिनियमच्या तांब्यात पाणी दिलं. घरात खुर्ची आहे का, पंखा आहे का, असं त्यानं विचारलं तेव्हा ती हसली आणि नाही म्हणाली. उसनी दिलेली वस्तू परत येईपर्यंत तिचं नाव काढायचं नाही, अशी तिच्याकडची रीत. शिवाय नाव काढलं असतं तर लंकाबाईचं नाक कापलं गेलं असतं, आणि राहात्यात तिला "रेशमी" म्हणून हाक मारणारी ती एकटीच होती. बाकी सगळे "ए एमपी".

गोणीवर बसून सुहासला गहिवरून आलं. अहवालात त्यानं तो गहिवर जसाच्या तसा उतरवला. पाथर्डीची वस्ती "स्थिरावलेली", बडवानीची "अत्यंत हलाखीची". संस्थेच्या प्रमुख देवश्री मॅडमनी ते विश्वस्तांपुढं वाचून दाखवलं. विश्वस्तांतले सगळ्यात वयस्कर आप्पासाहेब चष्मा पुसत म्हणाले, "पोरगं लिहितं चांगलं. याला जूनपासून कायम करून टाका." वसतिगृहातल्या सगळ्या जागा पलीकडच्या काठाला गेल्या. त्यांत रेशमीच्या रवीनाचं नाव होतं, चौथी पास.

त्यानंतर एका सकाळी लंकाबाई राहात्याहून एसटीनं आली, नगरच्या तारकपूर स्टँडला उतरली आणि रिक्षावाल्याशी भांडून चालतच सावेडीत पोचली. सुहास फाटकात होता.

"सायेब, माह्या पोरीत काय खोट हाय?" तिनं विचारलं.

सुहासनं तिला अभ्यासू माणसाच्या सोशिकपणानं समजावलं. तुमचं घर भरलेलं आहे, जागा नडलेल्यांसाठी होत्या. त्यानं मोबाईलमधला फोटोही दाखवला: खुर्चीत राणीसारखी बसलेली लंकाबाई, मागं पंखा.

लंकाबाईनं फोटो बराच वेळ पाहिला. स्वतःकडं पाहून जरा बरं वाटल्यासारखं झालं तिला, मग चेहरा उतरला.

"ह्यातलं माहं काईच न्हाई," ती हळूच म्हणाली. "निस्ती नथ माही हाय. तीबी खोटी."

सुहासच्या पायाखालची सावेडी सरकली.

त्या दिवशी फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसून लंकाबाईनं त्याला जे सांगितलं, ते खरं तर त्यानं तिच्या दारात विचारायला हवं होतं. तिथं त्यानं वस्तू विचारल्या होत्या, माणूस राहून गेलं होतं. आईच्या पाठीवर बांधलेली असतानाच ती उसाच्या फडात गेली. चौदाव्या वर्षी तिचं लग्न झालं, कारण मुकादम हंगामाआधी उचल म्हणून पैसे देतो ते जोडीला देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मच्छिंद्रला कोयता पुरा करायचा होता, तो लंकाबाईनं पुरा झाला. लग्नातली हळद हातावर असतानाच तिनं पहिली मोळी बांधली. वर्षानुवर्षं दिवाळी फडात आणि पाडवा गावात. मग पंकजा राहात्यातल्या शाळेत रमली आणि एका वर्षी लंकाबाई गावाकडं परतलीच नाही. पेरूच्या बागा तोडायच्या, हंगामात आसपासचा ऊस. पोर रोज संध्याकाळी डोळ्यांपुढं.

"आता फडात ती यंत्रं आली. हार्वेस्टर," ती म्हणाली. "आमच्या टोळीला यंदा कोल्हापूरकडं जावं लागतंया. सा म्हयनं. पंधरा वर्साची पोर कोपीत एकटी ठिवू का संगं फडात नेऊ? गावाकडून तिला एक स्थळ आलंया. पोरगा चांगला हाय. त्यालाबी कोयता पुरा करायचाय."

ते शेवटचं वाक्य ती अगदी सरळ बोलली. सुहासला ते आजही झोपेत ऐकू येतं, पण तेव्हा त्याच्या डोक्यात दुसरंच काहीतरी चाललं होतं. जून. कायम. आप्पासाहेबांचा चष्मा.

वरच्या मजल्यावर जाऊन "माझं चुकलं, मी तपासलं नाही, दोन्ही घरं पुन्हा पाहू द्या" एवढंच म्हणायचं होतं. मोजून एक जिना. पण अहवाल छापून गेला होता, आणि चूक कबूल करायची असेल तर ती आपल्याऐवजी दुसऱ्याच्या तोंडून व्हावी, ही अक्कल कारकुनाच्या घरात न शिकवता येते.

"असं करा," तो म्हणाला, "तुम्ही सांगून कोणी ऐकणार नाही. हरलेला माणूस काहीही बोलतो म्हणतील. रेशमीला घेऊन या. वस्तू माझ्या आहेत असं ती म्हणाली की झालं."

"ती यील की. कवाबी यील."

"फक्त खुर्च्यांचं विचारतील म्हणावं. बाकी काही सांगू नका, घाबरायची."

लंकाबाई त्याच्याकडं बघत राहिली. काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिची पंकजा होती, आणि तो साहेब होता. ती उठली, पदर खोचला आणि गेली.

त्या बाईची खुर्च्यांबद्दल तक्रार आहे, एवढंच सुहासनं वर कळवलं, आणि पुढच्या सोमवारी तिघी आल्या. रेशमीनं ठेवणीतली पिवळी साडी नेसली होती, रवीनाच्या डोक्यावर तेल चोपडून दोन वेण्या. लेकीचं नाव लागलंय हे रेशमीला ठाऊक होतं, त्यामुळे हे बोलावणं प्रवेशाचंच असणार, अशी तिची समजूत. लंकाबाई रस्ताभर बोलली नव्हती, हे रेशमीनं हसत सुहासला सांगितलं. "भाऊ, दीदी आज चूप. बसमध्ये उलटी होते काय विचारलं, तर नाही बोलते."

आप्पासाहेबांनी दोघींना खुर्च्या दिल्या. मग अगदी मायेनं विचारलं, "काय गं बाई, त्या लाल खुर्च्या कोणाच्या?"

रेशमीनं लंकाबाईकडं पाहिलं. लंकाबाई जमिनीकडं पाहत होती. "सांग," ती म्हणाली, "खरं काय हाय ते सांग."

परवानगी मिळाली तशी रेशमी खुलली. इतक्या वर्षांत तिला कुठल्या कचेरीत कोणी "तुझं काय आहे" असं विचारलंच नव्हतं. विचारायचे ते "तुझं काय नाही" तेवढंच, म्हणजे कार्ड आहे का, दाखला आहे का. ती बोटांवर मोजत सांगत सुटली. खुर्च्या आमच्या, साहेब. पहिली खुर्ची शिर्डीच्या हॉटेलच्या स्लॅबची. दुसरी शाळेच्या. पंखा आमचा, चादर आमची. गॅसची शेगडी पण आहे, ती दीदीनं नेली नव्हती. पुढच्या स्लॅबला कपाट घ्यायचं आहे. आईच्या तोंडून ही इस्टेट ऐकताना रवीनाची मान ताठ होत गेली.

आणि प्रत्येक वस्तूबरोबर तिची जागा हलत गेली. देवश्री मॅडम समोरच्या कागदावर खुणा करत होत्या. सुहास भिंतीला टेकून उभा होता. त्याला ठाऊक होतं काय चाललंय ते, खोलीत त्याच्याइतकं दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं. रेशमीकडं खुर्च्या होत्या, पण त्यांवर बसायला तिच्या दारी कुत्रं फिरकत नव्हतं. लंकाबाईकडं खुर्ची नव्हती, पण सरपंचापासून शाळेच्या बाईंपर्यंत सगळे येऊन तिच्या बाजेवर बसत, तिला मत होतं, रेशन होतं, भांडायला तोंड होतं. यांतली खाली कोण आणि वर कोण, हे कोणत्या मापानं काढायचं? हा प्रश्न विचारायचा तर तीच वेळ होती. त्यानं तोंड उघडलंही.

पण लंकाबाई आधी बोलली. "सायेब, ह्या पोराचा दोष न्हाई. म्या त्याला फशिवलं. समदं माहं हाय म्हनून म्याच सांगितलं. तो बिचारा इचारतच हुता."

त्यानं फारसं विचारलं नव्हतं. त्यानं चहा प्यायला होता. पण आप्पासाहेब हसले, "बाई वस्ताद आहे," म्हणाले, आणि सुहासचं उघडलेलं तोंड आपोआप मिटलं.

"मग जागा पाथर्डीच्या मुलींना जातील," देवश्री मॅडम म्हणाल्या. त्यांनाही ते फार गोड लागलेलं दिसत नव्हतं. "दोन्हीकडं वाटता आल्या असत्या तर... पण देणगीदारांची अट आहे. सुहास, त्यांना बाहेर नेऊन नीट समजावून सांग."

मॅडम हे भरभर, शुद्ध मराठीत बोलल्या. रेशमीला त्यातलं "पाथर्डी" कळलं आणि "सुहास" कळलं. ती सुहासकडं विश्वासानं पाहत उठली.

बाहेर जिन्यात तिनं विचारलं, "झालं काम, भाऊ?"

"झालं," सुहास म्हणाला.

खोटं नव्हतंच ते. काम झालं होतं.

तो त्यांना तारकपूरपर्यंत सोडायला गेला. एरवी गेला नसता. त्या दिवशी त्याला फार चांगलं वागायचं होतं. राहात्याची गाडी लागायला वेळ होता. पंकजाचं झालं म्हणून पेढे घ्यावेत की नाही, या विचारात लंकाबाई मिठाईच्या दुकानापुढं नुसतीच उभी राहिली आणि काही न घेता परत आली. रवीना रंगीत गोष्टींची पुस्तकं टांगलेल्या गाड्यापाशी रेंगाळली. रेशमीनं तिला ओढून आणलं आणि सुहासला म्हणाली, "भाऊ, हिची मराठी कच्ची आहे. शाळेत मुली हसतात. हॉस्टेलमध्ये तर सगळं मराठी. ते अ-आ-इचं पुस्तक असतं ना, अंकलिपी? चांगलंवालं, चित्राचं. मला समजत नाही कुठलं घेऊ. तुम्ही आणाल? सुट्टीत घरी करून घेईल ती."

सुहास "आणतो" म्हणाला. खिडकीतून रवीनानं त्याला हात केला. लंकाबाई पलीकडच्या सीटवर, तोंड फिरवून.

पुस्तकांचा गाडा चार पावलांवर होता. तो तिथूनच परत फिरला.

जूनमध्ये पंकजा वसतिगृहात आली आणि सुहास कायम झाला. पंकजा आईवर गेलेली. तिचा आवाज तीन खोल्या ओलांडून कचेरीत येई. गणिताच्या बाईंची नक्कल करून ती मुलींना हसवायची. सुहासला ते हसू ऐकून आनंद व्हायला हवा होता, आणि व्हायचाही. आनंदाच्या पाठोपाठ पलीकडच्या काठावरची पोर तेल लावून दोन वेण्या घालून उभी राहायची. संस्थेतले लोक त्याला चिडवायचे, "सुहासराव, हल्ली जेवत नाही का?" तो म्हणायचा, ॲसिडिटी.

रेशमीचा फोन दोनदा आला. एकदा त्यानं कापला. दुसऱ्यांदा वाजू दिला.

हंगामाला अजून अवकाश होता, म्हणून लंकाबाई एका रविवारी लेकीला भेटायला आली. भाजक्या शेंगांची पिशवी पंकजाला दिली, तिच्या वहीतलं अक्षर न वाचताच कौतुकानं पाहिलं, आणि निघताना सुहासच्या टेबलापाशी थांबली. बस म्हटलं तर बसली नाही.

"रेशमी तुला फोन लावती," ती म्हणाली. आता ती त्याला साहेब म्हणत नव्हती.

"हो. कामात होतो."

"तिला म्या सांगितलं. तुला सांगायला सांगितलं हुतं न्हवं मॅडमनं?"

"हो."

"त्या दिशी तिला संगं आन म्हनलास, तवाच तुला ठाव हुतं. तिची पोर जानार ते."

सुहासनं टेबलावरची पेनं सरळ केली. "हो," तो म्हणाला.

"मलाबी हुतं," लंकाबाई म्हणाली. "एसटीत कळलं मला. न्हाई, खोटं कशाला, त्याच्या आदीच कळलं हुतं. तिच्या दारात उबी हुते तवाच. तरीबी म्हनलं, चल." पलीकडं पंकजा कोणाला तरी मोठ्यानं हाक मारत होती. "आपलं लेकरू म्हनल्यावर मानूस आंधळं व्हतंय. पर तुझं तर लेकरूबी नव्हतं."

सुहासनं सरळ केलेली पेनं पुन्हा विस्कटली.

"काय म्हणाली ती? तुम्ही सांगितल्यावर?"

"काय म्हनायचंय. आदी येडीच झाली. माह्या खुर्च्यांनी माही पोर घालवली का दीदी, म्हनली. दोन दिस पाइपावरून आली न्हाई. तिसऱ्या दिशी चुलीला इस्तू मागायला आली. तिच्या घरात गॅस हाय की रं. इस्तू कशाला लागतोय?" लंकाबाईनं पदरानं नाक पुसलं. "मंग बसली. म्हनली, पुढल्या साली बघू. आता हितल्याच शाळंत ठिवीन, जोवर काम हाय तोवर. आन म्हनली, भाऊ अंकलिपी आननार हुता."

"आणतो," सुहास म्हणाला. "लक्षात आहे माझ्या. पुढच्या रविवारी नक्की आणून देतो. स्वतः येतो."

लंकाबाईनं खिडकीतून बाहेर पाहिलं. रस्त्याच्या पलीकडं स्टेशनरीचं दुकान उघडं होतं. दारात वह्यांच्या थप्प्या, छपराला टांगलेली चित्रांची पुस्तकं.

"रविवार तर आजबी हाय," ती म्हणाली.

सुहास उठला, खिसे चाचपले, पाकीट आहे याची खात्री केली, आणि फोन वाजत नसताना फोन काढून त्यात पाहू लागला. तिच्या हाती पुस्तक दिलं असतं तर ते संध्याकाळी रवीनाकडं पोचलं असतं. मग पाइपावरून पलीकडं जायचं त्याला काही कारणच उरलं नसतं. आणि स्वतः न्यायचं म्हटलं, तर पलीकडं गेल्यावर रेशमी बसायला तीच लाल खुर्ची देईल, हे त्याला माहीत होतं.

"तुमची गाडी चुकेल," तो म्हणाला.

"चुकंल," लंकाबाई म्हणाली, आणि पिशवीतल्या उरलेल्या शेंगांची एक मूठ त्याच्या टेबलावर ठेवून निघून गेली.

त्यानंतर बरेच रविवार आले.